काचेतलं रिफ्लेक्शन काढायचं कसं: रॉ फाइल, टॉर्च आणि काळी छत्री

संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला वरळीतल्या एखाद्या उंच बिल्डिंगच्या बंद काचेतून सी लिंकचा फोटो काढा. सी लिंक येतो, मागची ट्यूबलाइट येते, सोफ्यावर बसलेले काका येतात आणि मोबाइल धरलेला तुमचा हात पण येतो. हाच फोटो दुपारी बारा वाजता काढला असता तर सी लिंक सोडून यातलं काहीच दिसलं नसतं. काच तीच, काका तेच, फरक फक्त आतल्या आणि बाहेरच्या उजेडाच्या प्रमाणाचा.

साध्या काचेवर समोरून उजेड पडला की एका बाजूवरून साधारण ४ टक्के परत फिरतो. काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्के धरा. आणि आपल्या फ्लॅटमधल्या स्लायडिंग खिडकीचं एक शटर दुसऱ्यावर सरकवलेलं असेल तर तिथे काचा दोन, बाजू चार, म्हणून रिफ्लेक्शन १५ टक्क्यांच्या आसपास जातं, वर प्रत्येक दिवा दोन-दोनदा दिसतो तो वेगळाच. आता हिशेब बघा. दुपारी बाहेर १०० आणि खोलीत १ असा उजेड असेल तर बाहेरचे ९२ काचेतून आत येतात आणि खोलीचा फक्त ०.०८ परत फिरतो, तो कोणाला दिसणार. रात्री उलटं होतं, खोली १०० आणि बाहेर ५, मग बाहेरचे ४.६ आणि खोलीचे ८, म्हणजे फोटोत खोलीच जास्त आणि सी लिंक कमी. अशा रात्रीच्या फोटोला सॉफ्टवेअर फार काही करू शकत नाही, तिथे आधी लाइट घालवायचा.

मुद्दा हा की रिफ्लेक्शन म्हणजे फोटोवर पडलेला डाग नाही, ती उजेडाची बेरीज आहे. समोरच्या दृश्याचा उजेड अधिक काचेवरून आलेला उजेड, दोन्ही एकाच पिक्सेलवर पडतात आणि सेन्सर बिचारा एकूण आकडा लिहून ठेवतो. बेरीज असेल तर वजाबाकी करता येते, पण अट अशी की बेरजेचा आकडा कोणी मध्येच बदललेला नसावा. इथेच रॉ फाइल लागते, म्हणजे सेन्सरने लिहिलेले आकडे कॅमेऱ्याने न बदलता जशाच्या तशा ठेवलेली फाइल.

जेपेगवर वजाबाकी का फसते

समजा दृश्याच्या एका काळपट भागात उजेड ०.२० आहे, दुसऱ्या उजळ भागात ०.६०, आणि दोन्हीवर ०.०५ एवढं सारखंच रिफ्लेक्शन पडलंय. सेन्सरवर ०.२५ आणि ०.६५ येतात. रॉ फाइलमध्ये हे आकडे असेच सरळ प्रमाणात असतात, दोन्हीकडून ०.०५ काढा की झालं. जेपेगमध्ये काय होतं, कॅमेरा त्यावर गॅमा लावतो, म्हणजे काळपट भाग जास्त आणि उजळ भाग कमी वर उचलतो, साधा २.२ चा गॅमा धरला तरी २५५ च्या पट्टीवर काळपट भाग १२३ वरून १३६ ला जातो आणि उजळ भाग २०२ वरून २१० ला. म्हणजे तेच रिफ्लेक्शन एका ठिकाणी १३ ने दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी ८ ने, आता वजा काय करणार? शिवाय मोबाइल त्यावर एचडीआर करतो, शार्पनिंग करतो, चेहरा गोरा करतो, आणि प्रत्येक भागाला वेगळा हिशेब लावतो. १४ बिटच्या रॉ मध्ये एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६, त्यामुळे वजा करून उरलेला भाग उजळवला की जेपेगमध्ये पट्टे दिसायला लागतात.

रंगाची पण एक खूण रॉ मध्ये शाबूत राहते. बाहेर संध्याकाळचा निळसर उजेड आणि आत पिवळा बल्ब, कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगांची दुरुस्ती, एकच लावतो, त्यामुळे दोनातला एक थर चुकीच्या रंगाचा दिसतो. डोळ्याला ते खटकतं, पण थर वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरला तेच हवं असतं.

फोटो काढताना

खिडकी उघडत असेल तर उघडा आणि पुढचं वाचू नका. मी गमतीने सांगत नाहीये, ग्रिलमधून हात बाहेर न काढता फक्त शटर सरकवून काम होत असेल तर जगातलं कुठलंही एआय त्याच्याइतकं चांगलं काम करत नाही. बरं, उघडत नसेल, तर दोन शटर एकावर एक आलेली जागा टाळा, खोलीतले लाइट घालवा, टीव्ही बंद करा आणि काच पुसा. समुद्राजवळच्या इमारतींत बाहेरून खारट थर बसलेला असतो, तो उजेड पसरवतो आणि त्याने फोटो धुरकट होतो. ते रिफ्लेक्शन नाही, कुठल्याही वजाबाकीने जात नाही. पावसाचे थेंब पण तसेच.

मग छत्री. घरातली काळी छत्री उघडून कॅमेऱ्याच्या मागे अशी धरायची की काचेत तुमच्या मागे खोली न दिसता काळं कापड दिसेल. फोटोवाले यासाठी काळं वेल्वेट वापरतात, मंगलदास मार्केटमध्ये मिळेल, पण मुंबईत छत्री प्रत्येक घरात आहे आणि तिला दांडा पण आहे. काळे कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत पहिला दिसतो. मोबाइल असेल तर लेन्स काचेला अगदी चिकटवा. बेस्टच्या एसी डबल डेकरमध्ये किंवा एसी लोकलमध्ये काच थरथरते, तिथे मध्ये एक बोट ठेवून बोटावर मोबाइल टेकवा.

सेटिंग: रॉ चालू. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा हे फुकट अ‍ॅप आहे, त्यात सेटिंगमध्ये कॅमेरा एपीआय म्हणून कॅमेरा २ निवडलं की फोन सपोर्ट करत असेल तर रॉ चा पर्याय येतो, फाइल डीएनजी म्हणजे रॉ च्याच एका प्रकारात सेव्ह होते. लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमधला कॅमेरा पण डीएनजी देतो, आयफोनवरसुद्धा. आयएसओ जमेल तेवढा कमी. एक्स्पोजर असं की कुठलाच महत्त्वाचा भाग पांढराफटक होणार नाही, कारण पिक्सेल एकदा भरला की त्यात दृश्य किती आणि रिफ्लेक्शन किती हे सेन्सरलाच माहीत नसतं. ट्यूबलाइटची पांढरी पट्टी जिथे फुटलीये तिथे वजा करायला काही उरत नाही, सॉफ्टवेअर तिथे मनाने रंगवतं. म्हणून थोडं अंडर, म्हणजे जरा काळपट, ठेवलेलं बरं, पण फार नाही, नाहीतर सावलीतला नॉइज म्हणजे दाणे वर येतात.

एकाच रॉ वरून काढायचं असेल तर

डिसेंबर २०२४ मध्ये अडोबीने कॅमेरा रॉ मध्ये, म्हणजे फोटोशॉपबरोबरच्या रॉ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रिफ्लेक्शन काढायचा पर्याय आणला, सुरुवातीला फक्त रॉ फाइलसाठी. यामागचं संशोधन एरिक की, मार्क लेव्हॉय वगैरे मंडळींचं, लेव्हॉय म्हणजे आधी गुगलमध्ये पिक्सेलच्या नाइट साइटवर काम केलेले. त्यांनी एआय मॉडेल शिकवायला काय केलं तर खऱ्या रॉ फोटोंच्या जोड्या घेऊन सरळ प्रमाणातच बेरीज केली, एक बाहेरचं दृश्य, एक खोली, दोघांचा उजेड आणि रंग खऱ्या काचेसारखा ठेवून, आणि मॉडेलला सांगितलं की आता हे दोन थर परत वेगळे करून दाखव. बेरीज भौतिकशास्त्राला धरून केल्यामुळे ते आपल्या फोटोंवरही चालतं.

वापरायला सोपं आहे. फोटोशॉपमधून रॉ उघडलं की कॅमेरा रॉ उघडतं. रिमूव्ह म्हणजे खोडरबरासारखं टूल घ्या, त्यात डिस्ट्रॅक्शन रिमूव्हलच्या खाली रिफ्लेक्शन्स आहे, जुन्या आवृत्तीत ते दिसत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यूज चालू करावं लागतं. अप्लाय टिक करा आणि थांबा, जुन्या लॅपटॉपवर चहा होतो तेवढ्यात. क्वालिटी आधी प्रिव्ह्यूवर ठेवा, पटलं तरच बेस्टवर न्या. स्लायडर उजवीकडे नेला की रिफ्लेक्शन जातं, डावीकडे नेला की उलट फक्त रिफ्लेक्शन दिसतं. हा डावीकडचा भाग लोक बघतच नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात उपयोगी, कारण तिथे कळतं की सॉफ्टवेअरने रिफ्लेक्शन म्हणून काय काय उचललंय. त्यात फक्त खोली आणि काका दिसत असतील तर काम चोख. त्यात सी लिंकच्या केबल्स किंवा समोरच्या बिल्डिंगचे दिवे दिसायला लागले तर दृश्याचाच भाग कापला गेलाय, मग स्लायडर ६०-७० वर आणून थांबा, थोडं रिफ्लेक्शन राहिलं तर राहू दे.

हे चालतं तेव्हा, जेव्हा काच जवळजवळ पूर्ण फ्रेमभर असते. लांबच्या बिल्डिंगच्या खिडकीतलं, गाडीच्या बॉनेटवरचं किंवा कोणाच्या चष्म्यातलं रिफ्लेक्शन याचं काम नाही. दोन्ही थर सारखेच स्पष्ट आणि सारख्याच रंगाचे असतील, उदाहरणार्थ दिवसाढवळ्या दुकानाच्या काचेत आख्खा रस्ता, तेव्हा पण गोंधळतं. राणीच्या बागेतल्या पेंग्विनसाठी मात्र हाच मार्ग, कारण पेंग्विन हलतात, फ्लॅश मारायचा नसतो आणि गर्दीत तुम्ही फार तर दोन फोटो काढाल. तिथे काचेसमोर सरळ उभं राहा, तिरके राहिलात की जाड पारदर्शक भिंतीमुळे कडांना रंग फुटतात.

आयफोनवाल्यांसाठी अडोबीचंच प्रोजेक्ट इंडिगो नावाचं फुकट कॅमेरा अ‍ॅप जून २०२५ मध्ये आलं, त्यात हेच तंत्र प्रयोग म्हणून दिलंय.

फ्रेममधला जुना फोटो: टॉर्च लावून आणि टॉर्च बंद करून

आजी-आजोबांचा लग्नाचा फोटो भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये असतो. फ्रेम खोलून स्कॅन करा असं कोणीही सांगेल, पण मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेला फोटो आतून काचेला चिकटलेला असतो आणि ओढला तर चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. त्यामुळे चिकटलेला असेल तर खोलू नका. इथे एआय वापरायला मी नाहीच म्हणेन, ते आजीच्या डोळ्याचा आकार अंदाजाने भरेल आणि ते तुम्हाला कळणार पण नाही. त्यापेक्षा खरी वजाबाकी करा.

कल्पना अशी. खोलीच्या उजेडात एक रॉ फोटो काढायचा, त्यात फोटो पण आहे आणि काचेतली खिडकी पण. मग काहीही न हलवता बाजूने टॉर्च मारून दुसरा काढायचा. खोलीचं रिफ्लेक्शन दोन्हीत तेवढंच आहे, वाढला तो फक्त टॉर्चचा उजेड, जो काचेतून जाऊन आतल्या फोटोवर पडलाय. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो फक्त टॉर्चने उजळलेला फोटो, रिफ्लेक्शन आपोआप कापलं जातं. फ्लॅशने हेच करतात, २०२१ मध्ये चेनयांग लेई आणि चिफेंग चेन यांनी फ्लॅशच्या अशाच वजाबाकीवर आधारलेली पद्धत मांडली होती, आणि तीही रॉ च्या सरळ आकड्यांवरच अवलंबून आहे.

आता करायचं कसं. फ्रेम भिंतीवरून उतरवून टेबलावर भिंतीला टेकवून उभी करा, शेजारी पांढरी भिंत किंवा पांढरा पडदा नको, कारण टॉर्चने ती भिंत उजळली की तिचं रिफ्लेक्शन फक्त दुसऱ्याच फोटोत येतं आणि ते कापलं जात नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेमच्या अगदी समोर, लेन्स मध्यावर. मोबाइल असेल तर मोबाइल होल्डर, आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, कारण बोट लागलं की कॅमेरा हलतो. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स लॉक, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावर एफ ८. शटर १/५० किंवा १/२५ घ्या, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे या स्पीडला दोन्ही फोटोंत दिव्याचा उजेड सारखा येतो. १/२००० ठेवलात तर एका फोटोत दिवा उजळ, दुसऱ्यात मंद, आणि वजाबाकी बोंबलली.

टॉर्च म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी मोबाइल. ताईला सांगायचं की फ्रेमच्या डाव्या बाजूला साधारण ४५ अंशात, दोन-तीन फुटांवर उभी राहा. टॉर्चचा स्वतःचा ठिपका काचेत दिसतोय का हे कॅमेऱ्यातून बघा, दिसला तर अजून बाजूला सरकवा. बाहेर ढग येत-जात असतील तर पडदे लावा, कारण दोन फोटोंच्या मध्ये खोलीचा उजेड बदलला तर बदललेला भाग तसाच उरतो. पहिला फोटो टॉर्च बंद, दुसरा चालू, तिसरा परत बंद. पहिला आणि तिसरा सारखे असतील तरच पुढे जायचं, नाहीतर परत काढा. टॉर्च जितका जोरात तितकं चांगलं, वजाबाकीत दोन्ही फोटोंचा नॉइज एकत्र होतो, म्हणून टॉर्च खोलीच्या उजेडापेक्षा बराच वरचढ हवा. खोलीत अंधार करता आला तर काय, मग वजाबाकीची गरजच कमी.

सॉफ्टवेअर दोन, दोन्ही फुकट. डार्कटेबलमध्ये रॉ उघडा, टोन बदलणारी मॉड्यूल्स म्हणजे सिग्मॉइड, फिल्मिक, बेस कर्व्ह बंद करा, व्हाइट बॅलन्स एकदा ठरवा आणि तीच सेटिंग कॉपी करून दुसऱ्या फोटोवर पेस्ट करा. हे विसरलात तर प्रत्येक फोटोला वेगळा हिशेब लागेल. एक्स्पोर्ट करताना टिफ, ३२ बिट फ्लोट, आणि आउटपुट प्रोफाइलमध्ये लिनिअर रेक २०२० निवडा. मग गिम्पमध्ये टॉर्च चालूचा फोटो खालच्या लेयरवर, बंदचा वरच्या लेयरवर, वरच्याचा मोड सबट्रॅक्ट, आणि लेयरवर राइट क्लिक करून ब्लेंड स्पेस लिनिअर, म्हणजे सरळ प्रमाणातली, आहे ना हे बघून घ्या. निकाल काळाकुट्ट दिसेल, घाबरू नका, लेयर एकत्र करून कलर्समधल्या एक्स्पोजरने वर आणा. उजेड डावीकडून उजवीकडे कमी होत गेलेला दिसला तर आधीच ताईला उजवीकडे उभं करून आणखी एक फोटो काढलेला बरा, त्यातूनही तोच बंदचा फोटो वजा करायचा आणि दोन्ही निकाल एकमेकांत मिळवायचे. शेवटी एसआरजीबी प्रोफाइलमध्ये बदलून सेव्ह.

म्युझियममध्ये: सगळ्यात काळा पिक्सेल

फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय किंवा भायखळ्याचं भाऊ दाजी लाड, काचेच्या कपाटांवर समोरच्या कपाटाचे दिवे दिसतातच. तिथे टॉर्च-फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, फोटोची परवानगी आधी तिकीट खिडकीवर विचारायची. पण एक गोष्ट करता येते. रिफ्लेक्शन उजेड फक्त वाढवतं, कमी कधीच करत नाही. म्हणून तेच चित्र थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, थोडं वाकून काढलं तर रिफ्लेक्शनची जागा बदलते, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात काळा पिक्सेल निवडला की त्या जागचं खरं दृश्य मिळतं. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून तीन ते पाच फोटो पुरे, जास्त घेतलेत तर नॉइजमधले काळे ठिपकेच निवडले जातात. फोटोशॉपमध्ये स्टॅकमध्ये लोड करताना ऑटो अलाइन टिक करा, स्मार्ट ऑब्जेक्ट बनवा, स्टॅक मोड मिनिमम. गंमत म्हणजे हे जेपेगवरही चालतं, कारण गॅमा लावला तरी काळं ते काळंच राहतं, क्रम बदलत नाही.

पण हे सपाट गोष्टींसाठी, लघुचित्रं, नकाशे, पत्रं. तिरक्या कोनातून मूर्तीचे फोटो एकमेकांवर बसत नाहीत, आणि धातूच्या मूर्तीवरची चमक पण कोनाबरोबर सरकते, तिलाही मिनिमम रिफ्लेक्शन समजून खाऊन टाकतं. मूर्ती मातीची वाटायला लागते.

सीपीएल फिल्टर आणि वेगळे सेन्सर

बोरा बाजारात फिल्टर घ्यायला गेलात तर सीपीएल घ्या असं सांगतील, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा ध्रुवक, जो ठरावीक दिशेने कंप पावणारा उजेडच आत सोडतो. उपयोगी आहे, पण काचेला सरळ समोरून काहीच करत नाही, काचेच्या लंबापासून साधारण ५६ अंशांवर सगळ्यात जास्त काम करतो आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बस-ट्रेनच्या टफन काचेवर तर त्याने जांभळे-हिरवे ठिपके उमटतात, तिथे काढून ठेवा. सोनीचा असा एक सेन्सर आहे की ज्यात प्रत्येक चार पिक्सेलवर चार दिशांचे ध्रुवक बसवलेत, ०, ४५, ९० आणि १३५ अंशांचे, एका क्लिकमध्ये चारही कोन मिळतात, पण तो कारखान्यातल्या तपासणीच्या कॅमेऱ्यांसाठी आहे. कॅननने २०१६ मध्ये ५डी मार्क ४ बरोबर ड्युअल पिक्सेल रॉ आणलं, त्यात प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग वेगवेगळे साठवतात आणि कॅननच्या डीपीपी सॉफ्टवेअरमध्ये घोस्टिंग, म्हणजे फोटोत उमटणारी उजेडाची भुतं, कमी करायचा पर्याय मिळतो. फरक किरकोळ पडतो आणि फाइल जवळजवळ दुप्पट होते, त्यासाठी मुद्दाम कॅमेरा घेऊ नका.

राहता राहिलं सेव्ह करणं. मूळ रॉ, टॉर्च बंदचे दोन्ही आणि चालूचे, सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा आणि साफ केलेला फोटो वेगळ्या नावाने. घरच्या ग्रुपवर पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर एवढी मेहनत करून कॉम्प्रेशनमध्ये सगळे पट्टे परत येतील.